गरुडवीर जूचंद्रला उडाला

भाऊबीजेच्या संध्याकाळी, नायगाव पूर्वेच्या जूचंद्र गावात, रांगोळी प्रदर्शनातली एक रांगोळी छताच्या पंख्याच्या वाऱ्याने उडाली. जीवितहानी झाली नाही. रांगोळी माझ्या धाकट्या बहिणीच्या होऊ घातलेल्या नवऱ्याने काढली होती. पंख्याचं बटण मी दाबलं होतं.

बातमी इथे संपते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी अर्धं आयुष्य काढलं. बातमी पहिल्या परिच्छेदात संपली पाहिजे असं तिथे शिकवतात. आमच्या घरी मात्र ती अजून संपलेली नाही. दर भाऊबीजेला मी पाटावर बसलो की वैशू हातात ताट घेऊन आधी छताकडे बघते, मग भिंतीवरच्या बटणांकडे बघते आणि मगच मला ओवाळते. त्यामुळे पार्श्वभूमी देणं भाग आहे.

ती वर्षं भारनियमनाची होती. वसई-विरारकडे वीज ठरल्या वेळी जायची आणि न ठरल्या वेळी यायची. त्याच सुमारास ‘गरुडवीर’ नावाचा एक परदेशी चित्रपट हिंदीत बोलत आमच्याकडे आला. पाठीला पोलादी पंख लावलेला एक माणूस त्यात दोन तास उडत होता आणि त्याच्याबरोबर सगळी वसई उडत होती. आमच्या नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगमधली मुलं पाठीला टॉवेल बांधून जिन्यावरून उड्या मारत होती. एका मुलाचा हात प्लास्टरमध्ये गेला. प्लास्टरवर त्याने गरुड काढून घेतला.

मग दुसरा भाग आला: ‘गरुडवीर की वापसी’. यात पहिल्याच प्रसंगात खलनायक त्याचे पंख मोडतो. त्यानंतर गरुडवीर उडत नाही. तो बसतो. तो विचार करतो. पाऊस पडतो, तरी तो विचार करतो! शेवटी शहरातल्या सगळ्यात उंच मनोऱ्याला आग लागते, वर एक लहान मुलगी अडकते आणि गरुडवीर तिला वाचवायला निघतो. कसा? जिन्याने.

वसईच्या थिएटरात प्रेक्षकांनी सुरुवातीचे काही मजले सहन केले. मग मागून एक आवाज आला, “अरे, लिफ्ट नाय काय?” दुसरा म्हणाला, “भावा, जिनाच बघायचा होता तर मी घरी थांबलो असतो ना!” मध्यंतरापर्यंतही जिना संपला नव्हता, आणि मध्यंतरातला समोसा अनेकांनी घरी जाऊन खाल्ला. असा हा चित्रपट बदनाम झाला, आणि त्या बदनामीत माझाही वाटा आहे. आमचे सिनेमावाले सहकारी रजेवर असल्याने परीक्षण माझ्याकडे आलं होतं. त्याचा शेवट मी असा केला होता: ‘नायक उडत नाही. प्रेक्षक उठतात.’ संपादक म्हणाले, “नेमकं लिहिलंस.” डेस्कवर याहून मोठा पुरस्कार नसतो.

परीक्षण छापून आल्यावर थोड्याच दिवसांत नरेश त्याच्या आत्याला घेऊन आमच्या घरी आला.

नरेश म्हणजे वैशूच्या शाळेतला चित्रकलेचा शिक्षक. वैशू तिथे विज्ञान शिकवत होती. दोघांचं आपसात ठरलेलं होतं. उरला होता मोठ्यांचा होकार. आमच्याकडे अण्णा, म्हणजे वडील, गेल्यापासून मोठा मी. आईने आधीच सांगून टाकलं होतं, की जावई भिंतीवर काढणारा असो की जमिनीवर, तिला चालेल. नरेशकडे मोठी म्हणजे त्याची रखमाआत्या. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, भातशेतीत आणि मिठागरात राबून. तिचा शब्द घरात शेवटचा होता. (तिचा पहिला शब्दही शेवटचाच असायचा.)

पोहे झाले, चहा आला. नरेश म्हणाला, “दादा, तुमचं परीक्षण वाचलं.”

मी नम्रपणे मान हलवली. छापून आलेल्या माणसाला एवढं वाक्य पुरतं. पुढचं ऐकू येत नाही.

“चुकलंय,” नरेश म्हणाला.

हे मात्र ऐकू आलं.

“काय चुकलंय?”

“निकाल चुकलाय. पहिला भाग सोपा होता, दादा. पंख असलेला माणूस उडला, त्यात काय? चिमणीपण उडते. दुसऱ्या भागात त्याच्याकडे काहीच नाही. तरी तो जातो. वीर तेव्हा झाला तो.”

“जिना चढून वीर? आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. आमची आई रोज दोनदा गरुडवीर होते, दुधाची पिशवी घेऊन.”

“तेच तर म्हणतोय मी!” नरेश म्हणाला.

वैशूने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. ती चप्पल शोधते आहे असं समजून मी तो बाजूला सरकवला.

आता रखमाआत्याने कप खाली ठेवला. “पेपरवाले, तुमी कंच्या माळ्यावर र्‍हाता?”

“चौथ्या.”

“मी चढून आले. माजे गुडघे बगा. आता सांगा, उडनारा मोठा का चढनारा?”

इथे ‘चढणारा’ एवढंच उत्तर पुरेसं होतं. सगळ्यांचं समाधान झालं असतं, वैशूचं लग्न झालं असतं आणि ही आठवण लिहावी लागली नसती. पण नेमकं लिहिण्याची सवय बोलण्यातही उतरते. मी म्हणालो, “पण आत्या, तुम्हाला चढताना बघायला कुणी तिकीट काढलं नव्हतं ना!”

आई उठून आत गेली आणि रिकाम्या गॅसवर रिकामं भांडं ठेवून उभी राहिली.

आत्याने वैशूकडे बघितलं. “पोरी, तू बेस हायेस. तुजा भाऊ मिरचीचा हाय.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊबीजेला जूचंद्रला या. पोराची रांगोळी बगा. मंग सुपारीचं काय ते बोलू. येताना तोंड घरी ठेवा.”

सुपारी फुटली की लग्न पक्कं. नाही फुटली तर नाही. भाऊबीजेपर्यंत वैशू माझ्याशी फक्त सूचनांपुरती बोलली.

“तिथे गेल्यावर विशेषणं वापरायची.”

“मी डेस्कवर विशेषणं कापतो, वैशू.”

“माहितीये. म्हणून पाठ कर. वा! अप्रतिम! हुबेहूब!”

“हुबेहूब म्हणजे कशासारखं, ते आधी...”

“दादा!”

मी पाठ केलं. भाऊबीजेच्या सकाळी तिने मला ओवाळलं. मी ओवाळणी घालायला गेलो तर तिने हात मागे घेतला. “संध्याकाळी घाल. तिथे गप्प बस, तीच ओवाळणी.”

संध्याकाळी नायगावला उतरून रिक्षाने जूचंद्रला गेलो. आई, वैशू आणि मी. गावातल्या सभागृहाबाहेर चपलांचा ढीग आणि माणसांची रांग होती. प्रदर्शन उघडायला थोडा वेळ होता. नरेश आणि आत्याने आम्हाला पाहुणे म्हणून आधी आत घेतलं. आई गुडघ्यांमुळे दाराशी खुर्चीवर बसली. खिडक्या घट्ट बंद, पंखे बंद, ऑक्टोबरचा उकाडा. रांगोळीभोवती दोरी बांधलेली, दोरी आणि भिंतीमध्ये एक माणूस जाईल एवढी वाट. या गावात रांगोळी उंबऱ्यापुरती नसते. ती खोलीभर असते आणि तिच्यासमोर माणसं देवळातल्यासारखी वागतात. रांगोळी मांडलेल्या खोलीत पंख्याला हात लावायचा नसतो, हे तिथल्या रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. त्यामुळे बटणांवर तसं लिहून ठेवण्याची गरज आजवर कधी पडली नव्हती.

मी दोरीपाशी गेलो आणि खाली बघितलं.

जमिनीवर एक माणूस बसला होता. ओल्या पायऱ्यांवर, शिरस्त्राण मांडीवर घेऊन, मोडलेले पंख दोन्ही बाजूंना पसरून. पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेले होते. एकेक पीस वेगळं, प्रत्येकाच्या काठावर पोलादाची चमक. पोलादावर पावसाचे थेंब होते आणि थेंबांत रस्त्यावरचे दिवे होते. त्याच्या डाव्या डोळ्याखाली एक थेंब होता, तो पावसाचा नव्हता. हे कशावरून कळत होतं ते मला आजही सांगता येणार नाही. रंग नाही, कुंचला नाही. चिमटीतून सोडलेली नुसती भुकटी! फुंकर मारली तर जाईल अशा भुकटीत एक माणूस श्वास रोखून बसला होता आणि त्याच्याकडे बघताना माझाही रोखला गेला.

पाठ केलेलं एकही विशेषण आठवलं नाही. तोंड उघडलं, तर आत्याने बोट ओठांवर ठेवलं. माझ्या विशेषणांनी कडा हलल्या असत्या.

तेवढ्यात वीज गेली.

“गॅसबत्ती आणतो,” असं म्हणून नरेश बाहेर गेला. अंधारात आत्या, वैशू आणि मी भिंतीला लागून उभे. उकाडा असा, की माझ्या हनुवटीवरून घाम ठिबकायला लागला. पुढे पंखाचं टोक होतं. एक थेंब पडला असता तर गरुडवीर माझ्या घामाने ओला झाला असता. या कारणाने मी अत्यंत जबाबदारीने मागे सरकलो, आणि माझा खांदा बटणांच्या फळीला लागला.

आता एक प्रश्न उभा राहिला. वीज गावाची गेली, की फक्त या खोलीची? कुणीही न विचारलेल्या प्रश्नाची खातरजमा करणं हा आमच्या धंद्याचा पाया आहे. मी एक बटण दाबलं. काही झालं नाही. बातमी एकाच सूत्रावर विसंबून देऊ नये, म्हणून दुसरं दाबलं. मग हाताला लागली तशी आणखी एकदोन. कुठेच काही झालं नाही. वीज गेल्याचं वृत्त पक्कं झालं आणि मी समाधानाने हात काढला. बटणं आधी वर होती की खाली, हे मात्र मी बघून ठेवलं नव्हतं. (मूळ प्रत हाताशी न ठेवता दुरुस्ती करू नये, हे मी डेस्कवर नव्या मुलांना रोज सांगत असे.)

नरेशने गॅसबत्ती आणून कोपऱ्यात ठेवली. तो पिवळा उजेड खालून तिरका पडला आणि पंखांची पिसं जमिनीवरून उचलल्यासारखी दिसायला लागली. मी हळूच विचारलं, “हा प्रसंग सिनेमात एवढा मोठा नव्हता ना?”

“क्षणभरच आहे. तुम्ही तेव्हा लिहीत असाल.”

मी तेव्हा लिहीत होतो.

“पंख गेले म्हणून रडतो का तो?”

“नाही, दादा,” नरेश म्हणाला. “वर मुलगी अडकल्याचं त्याला कळलंय. पायाने जावं लागणार, हेही कळलंय. जमेल की नाही ते कळत नाही. म्हणून.”

मी पुन्हा त्या डोळ्याकडे बघितलं. आणि मग माझ्या तोंडून, कुणी शिकवलं नसताना, एक विशेषण निघालं. “नरेश, हे अद्भुत आहे.”

वैशूने माझ्याकडे चमकून बघितलं. आत्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. ती पदराने कपाळ पुसत म्हणाली, “मंग, सुपारीचं...”

आणि वीज आली.

पंखा एकदम फिरत नाही. तो आधी थोडा विचार करतो. त्या वेळात आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. वैशू किंचाळली, “दादा, बटण!” मी झेपावलो. बटणं होती ओळीने. यातलं पंख्याचं कुठलं? मी एक दाबलं. दिवे गेले. दुसरं दाबलं. दिवे आले. मग मी उरलेल्यांपैकी एक पूर्ण ताकदीने दाबलं.

दुसरा पंखा सुरू झाला!

नेमक्या याच वेळी, वीज आली म्हणून बाहेरच्या कार्यकर्त्याने दार उघडलं. रांगेतली माणसं उंबऱ्यात आली आणि त्यांच्याबरोबर वाराही आला.

पुढे काय झालं ते मी जसं बघितलं तसं सांगतो. आधी पंखांची टोकं हलली. मग पोलादी निळा रंग जमिनीवरून सुटला आणि वर आला. सावकाश, गोल फिरत, डावा पंख डावीकडून आणि उजवा उजवीकडून. खालून गॅसबत्तीचा उजेड, वरून दिव्यांचा. खोलीच्या मध्यावर निळ्या, चंदेरी, राखाडी भुकटीचे दोन प्रचंड पंख उघडले आणि क्षणभर तसेच राहिले. इतकी सुंदर गोष्ट मी त्याआधी पाहिली नव्हती. ती मीच केली होती, हे लक्षात यायला थोडा वेळ लागला.

“उडला!” उंबऱ्यातून कुणीतरी ओरडलं. “अरे, गरुडवीर उडला!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. वसईच्या थिएटरात ज्यांनी जिना सहन केला होता तीच ही जनता. त्यांना वाटलं, हा देखावाच असा आहे! “पिच्चरपेक्षा भारी!” एकजण म्हणाला. मागच्याने विचारलं, “पुढचा शो कधी हाय?”

वैशूने शेवटी योग्य बटणं शोधली. पंखे थांबले. भुकटी खाली बसली. माझ्यावर, वैशूवर, दाराशी खुर्चीवर बसलेल्या आईवर. रखमाआत्याच्या पांढऱ्या केसांवर निळा थर होता. ती हलली नाही. कुणीच हललं नाही. जमिनीवर पायऱ्या राहिल्या होत्या, चेहरा राहिला होता, डोळ्याखालचा थेंबही राहिला होता. पंख गेले होते.

मी म्हणालो, “आत्या, मी...”

“पेपरवाले,” आत्या म्हणाली, “तोंड घरी ठेवा म्हनले व्हते. हात घरी ठेवा म्हनाचं माज्याकडून र्‍हायलं.”

वैशूच्या गालावरचा निळा रंग एका रेघेत ओला झाला. तिने विचारलं, “आत्या, सुपारी?”

आत्या उत्तर न देता नरेशकडे वळली. तो दोरीपाशी उभा राहून खाली बघत होता. त्याचे कितीतरी तास त्या पंखांत गेले होते. आता तो ओरडणार, दरवाजा दाखवणार, कदाचित मारणारही, असा माझा अंदाज होता आणि त्यातलं काहीही मी छापायला तयार होतो.

“अगदी सिनेमातल्यासारखं झालं की,” नरेश म्हणाला. “पंखच नेमके गेले.”

“मंग बगत काय बसलास?” आत्या म्हणाली. “चढ जिना.”

नरेश दोरी ओलांडून आत गेला, मोकळ्या जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, “दादा, निळा चाळून द्या. वैशू, चंदेरी तुझ्याकडे.”

“आन् सुपारी?” आत्या म्हणाली. “पंख झाले का बगू.”

मी चाळणी घेऊन बसलो. अग्रलेख तपासतानाही मी इतका सावध नव्हतो. माणसं दोरीभोवती येऊन उभी राहिली. आधी त्यांना पुढचा शो हवा होता. मग नरेशच्या चिमटीतून पहिलं पीस उतरलं आणि आवाज बंद झाला. दुसरं उतरलं. तिसऱ्यात पावसाचा थेंब आला आणि एक म्हातारा कुणालातरी कुजबुजत म्हणाला, “बग, बग, पानी.” बायका मुलांना कडेवर घेऊन उभ्या होत्या. पंखे बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. नायक उडत नव्हता. फक्त एक माणूस जमिनीवर वाकून, गेलेलं सगळं पुन्हा, एकेक पीस करून वर आणत होता. मी दाराकडे वळून बघितलं.

प्रेक्षक उठले नव्हते.

शेवटचं पीस झालं तेव्हा मध्यरात्र उलटली होती आणि नरेशला सरळ उभं राहता येईना. दोघांनी धरून त्याला दोरीबाहेर आणलं. आत्याने कमरेची पिशवी सोडली, सुपारी काढली आणि उंबऱ्याबाहेर जाऊन दगडाने फोडली. आत फोडली नाही. हादऱ्याने कडा हलल्या असत्या.

जाताना नरेशने एकच अट घातली. चित्रपट अजून वसईत दुपारच्या खेळाला चालू होता. तो मी त्याच्या शेजारी बसून पुन्हा बघायचा, न लिहिता. आम्ही गेलो. आत्याही आली, तिचा हा पहिलाच परदेशी चित्रपट. जिना सुरू झाला तसा मागून आवाज आला, “अरे, लिफ्ट नाय काय?”

आत्या खुर्चीवरून अर्धी उठली. “गप रं! चढू दे त्याला!”

थिएटर गप्प झालं. तो चढला. मजले मी मोजले नाहीत. मधल्या एका वळणावर त्याचा पाय घसरला तेव्हा आत्याने माझं मनगट धरलं आणि तो वर पोहोचेपर्यंत सोडलं नाही. मी रुमाल काढला. (थिएटर वातानुकूलित होतं, घामाचा प्रश्न नव्हता.) बाहेर आल्यावर मी संपादकांना फोन करून विचारलं, परीक्षणाला दुरुस्ती देता येईल का? ते म्हणाले, “दुरुस्ती तथ्याची देतात, मताची नाही. नायक उडतो का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग बरोबरच छापलंय.”

दुरुस्ती आली नाही. पुढच्या शुक्रवारी चित्रपट उतरला.

लग्न मे महिन्यात, जूचंद्रच्या त्याच सभागृहात झालं. सगळे पंखे चालू होते. बटणांच्या फळीवर रुंद चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर नरेशच्या सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: ‘वधूच्या भावाने हात लावू नये.’ गेल्या दिवाळीत प्रदर्शनाला गेलो तेव्हा चिकटपट्टी जागेवर होती.